पोरगा पुस्तक धरत नाही? आधी त्याला हसवणारं, चित्रांचं पुस्तक द्या
बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि गावातली वाचनालयं चालवणाऱ्यांसाठी

बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी दर रविवारी सकाळी घराच्या पडवीत पुस्तकांची ट्रंक उघडून बसते. मुली येतात, निवांत बसतात, निवडून पुस्तक घरी नेतात. मुलगे येतात, ट्रंकेत हात घालतात, चार पानं उलटतात आणि बॅट उचलून पळतात. बरीच वर्षं हेच चाललं होतं.

एका रविवारी सहावीतला एक मुलगा खांबाला टेकून एक फाटकं पुस्तक चाळत होता. एका पानावर त्यातला नायक सांगत होता की तो रात्री कुणाला चाहूल लागू न देता स्वयंपाकघरात शिरला. खाली चित्र होतं: पातेलं नायकाच्या डोक्यात अडकलेलं, मांजर पडद्याला लटकलेलं, डब्यांची रास कोसळते आहे आणि दारात आजी कमरेवर हात ठेवून उभी. पोरगं फस्सकन हसलं, उठून माझ्याकडे आलं आणि पानावर बोट ठेवून म्हणालं, "बाई, ह्यो खोटं बोलूलाय बघा की!"

त्याने वाक्य वाचलं होतं, चित्र वाचलं होतं, दोन्हींचा मेळ बसत नाही हे पाहिलं होतं, आणि लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही असा निकाल स्वतःच दिला होता. आपण ज्याला समजून वाचणं म्हणतो ते हेच. त्या दिवसापासून मी नऊ ते बारा वयाच्या मुलग्यांसाठी वेगळ्या रीतीने पुस्तकं निवडायला लागले. ती रीत इथे क्रमाने सांगते.

मुलगे वाचनात मागे राहतात ही तक्रार आपल्याकडचीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, पिसा, तिच्या २०१८ च्या फेरीत विकसित देशांमध्ये मुली वाचनात मुलग्यांपेक्षा सरासरी ३० गुणांनी पुढे होत्या. भारत त्या फेरीत नव्हता, पण माझ्या ट्रंकेपाशी दिसतं ते याहून वेगळं नाही. तेव्हा "आमचाच पोरगा असा कसा" म्हणून जीव जाळू नका.

पहिली पायरी: आठ दिवस नुसतं बघा, तो कशाला हसतो

दुकानात जायच्या आधी हे करा. तो मित्रांबरोबर असताना, मोबाइलवर व्हिडिओ बघताना, जेवताना कशाला हसतो ते बघा आणि एका कागदावर टिपून ठेवा. त्याला विचारू नका. विचारलं की तो "काय नाही की" म्हणून उठून जाईल.

मला आढळलेले प्रकार साधारण असे. काही मुलगे पडझडीला हसतात: पाय घसरला, शेणात पडला, सायकलची चेन निघाली. काहींना फुशारकी फजीत झालेली आवडते. "मी गडावर पळत चढतो" म्हणणारा राजहंसगडाच्या अर्ध्या वाटेत पाणी मागत बसला की ते लोळून हसतात. काहींना मोठ्या माणसांची चूक पकडण्यात आनंद असतो, विशेषतः शिक्षकांची. आणि काही मुलगे, बहुधा जे एरवी गप्प असतात ते, शब्दांना हसतात. आमच्या भागात अशा मुलांची चंगळ आहे, कारण घरी बेळगावी मराठी, शाळेत पुस्तकी मराठी, बसमध्ये कन्नड आणि दुकानाच्या पाटीवर इंग्रजी असं सगळं त्यांच्या कानात एकत्र शिजत असतं. एका भाषेतला साधा शब्द दुसरीत गमतीचा ठरतो, आणि हे त्यांना आपल्या आधी कळतं.

या वयात मुलाच्या मनात एक मोठा बदल झालेला असतो. पाच वर्षांच्या पोराला टोपी उडाली की हसू येतं. दहा वर्षांच्या पोराला टोपी उडाली आहे हे त्या माणसाला ठाऊकच नाही, तो ऐटीत चालला आहे, याचं हसू येतं. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललं आहे आणि खरं काय घडतं आहे, या दोन्हींचा हिशेब तो एकाच वेळी करू शकतो. हसरं सचित्र पुस्तक नेमकं याच जागी त्याला भेटतं. हे लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं आहे.

दुसरी पायरी: ही पुस्तकं चालतात कशी, ते समजून घ्या

पालक मला विचारतात, "इतकी चित्रं असली तर तो वाचणार काय?" त्यांना वाटतं की चित्र म्हणजे कुबडी, आणि सहावीतल्या मुलाच्या हातात कुबडी शोभत नाही. लहान मुलांच्या बऱ्याच पुस्तकांत चित्र वाक्याचंच काम पुन्हा करतं, हे खरं. आंबा लिहिलं की आंबा काढलेला. पण चांगल्या विनोदी सचित्र गोष्टीत चित्र वाक्याशी भांडतं. वाक्य म्हणतं, "बाबा अजिबात रागावले नाहीत." चित्रात बाबांच्या कानांतून वाफ येते आहे आणि नायक नारळाच्या झाडावर बसला आहे. गंमत ना वाक्यात आहे, ना चित्रात. ती दोन्हींच्या मधल्या फटीत आहे आणि ती वाचणाऱ्याला स्वतः काढावी लागते. म्हणूनच ती त्याला स्वतःची वाटते.

दुसरी गोष्ट, पान उलटण्याची. जाणता चित्रकार धक्का समोरच्या पानावर कधी ठेवत नाही. उजव्या पानाच्या शेवटी "आणि मी दार उघडलं" असं येतं, आणि दारामागचं चित्र पान उलटल्यावरच दिसतं. ज्या मुलाला दोन पानं वाचायचा कंटाळा असतो, तो अशी पन्नास पानं उलटतो, कारण प्रत्येक पान त्याला पुढच्या पानाचं देणं लागतं.

तिसरी गोष्ट, पानावरची मोकळी जागा. अक्षर मोठं, ओळी कमी, प्रकरण चार-पाच पानांत संपणारं. हळू वाचणाऱ्या मुलासाठी याचं मोल फार आहे. पाठ्यपुस्तकाच्या गच्च पानासमोर तो आधीच हरलेला असतो. इथे तो दहा मिनिटांत प्रकरण संपवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणतो, "माझी वीस पानं झाली."

चौथी गोष्ट, नायक. या पुस्तकांचा नायक बहुधा पहिला नंबर काढणारा नसतो. तो आळशी असतो, थोडा डरपोक, थोडा लबाड, आणि स्वतःबद्दल त्याचं मत भलतंच चांगलं असतं. अमेरिकेत जेफ किनी या लेखकाची रोजनिशीच्या रूपातली मालिका २००७ पासून पुस्तकरूपाने येते आहे, आणि तिचा सगळा डोलारा यावरच उभा आहे: मुलगा स्वतःची बढाई लिहितो आणि त्याच पानावरचं रेखाचित्र त्याला उघडं पाडतं. वाचणारा मुलगा नायकापेक्षा शहाणा ठरतो. दिवसभर शाळेत "तुला एवढंही येत नाही?" ऐकणाऱ्या पोराला हे किती बरं वाटत असेल, याचा विचार करा.

याच प्रकारातले दुसरे मोठे लेखक-चित्रकार डेव्ह पिल्की. त्यांना लहानपणी डिस्लेक्सिया, म्हणजे लिहिता-वाचताना अक्षरं अडण्याचा त्रास, होता आणि एका जागी बसवत नसे. शिक्षक त्यांना वर्गाबाहेर बसवायचे, आणि तिथे बसून ते चित्रकथा काढायचे. चड्डीवर झगा पांघरून फिरणारा त्यांचा गाजलेला नायक तिथेच जन्मला, आणि १९९७ साली पुस्तकात आला. तुमच्या वर्गात बाहेर उभा राहणारा जो मुलगा आहे, त्याला ही हकीकत जरूर सांगा.

तिसरी पायरी: निवड

इथे वेळ घालवा. चुकीचं पुस्तक एकदा हातात आलं की मुलगा सहा महिने दुसऱ्या पुस्तकाला हात लावत नाही, हा माझा अनुभव आहे.

पुस्तक मधोमध उघडा. वाक्य झाकून फक्त चित्र बघा, मग चित्र झाकून फक्त वाक्य वाचा. दोन्ही वेळा सगळंच कळलं, तर ते पुस्तक चित्रं चिकटवलेलं आहे, सचित्र नाही. दोन्ही एकत्र पाहिल्यावरच हसू आलं तर घ्या.

मग भाषा तपासा. मुलाला एक पान वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. गच्च भरलेल्या पानावर पाच बोटं मिटली तर पुस्तक अजून जड आहे, असा जुना नियम आहे. पण या पुस्तकांत पानावर चाळीस-पन्नासच शब्द असतात, म्हणून मी तीन बोटांवर थांबते.

भाषांतर असेल तर एक पान मोठ्याने वाचल्याशिवाय घेऊ नका. विनोद भाषांतरात लवकर मरतो. परदेशी शाळेतले लॉकर, भुतांचे सण, बर्फाच्या सुट्ट्या हे सगळं पोरांना कळतं, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. अडचण असते शब्दांवरच्या कोटीची. तळटीप वाचून कुणी हसत नाही. असं पान दिसलं की मी पुस्तक परत ठेवते.

आता काय घ्यावं. आपल्या जिल्ह्याचाच ठेवा आधी सांगते. हास्यचित्रकार शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. निपाणीकडच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. फडणीसांची बहुतेक चित्रं एका शब्दाशिवाय हसवतात, आणि महाराष्ट्रातल्या प्राथमिक गणिताच्या पाठ्यपुस्तकांनाही त्यांनी हसरं केलं. जो मुलगा अजिबात वाचत नाही, त्याला मी आधी अशी शब्द नसलेली चित्रं देते आणि विचारते, "ह्यात काय चुकलंय?" तो शोधतो, हसतो, आणि मग त्याला सांगावंसं वाटतं. सांगणं ही वाचनाची पहिली पायरी आहे असं मी मानते, मग ते पुस्तक न वाचता झालेलं असलं तरी चालेल.

'किशोर' मासिक बालभारती, म्हणजे महाराष्ट्राची शालेय पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था, १९७१ पासून काढते आहे. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आपल्या मुलांना महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं नसतात, म्हणून इकडच्या अनेक घरांत 'किशोर' ठाऊकच नाही. जुन्या अंकांतल्या विनोदी कथा आणि चित्रं काढून, चार-चार पानांचे संच छापून घ्या. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ म्हणजे दुसरं मोठं भांडार. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत सचित्र गोष्टी फुकट आहेत, उतरवून घेता येतात, छापून वाटताही येतात. गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी तिसरी आणि चौथी बघा, पण हळू वाचणाऱ्याला दुसरीतली गमतीची गोष्ट दिलीत तरी बिघडत नाही, फक्त पातळीचा आकडा त्याला दाखवू नका. इथे एक युक्ती खास आपल्या भागासाठी. एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये अशी दोन्ही छापून शेजारी ठेवा. चित्रं तीच असतात. मराठीत एकदा हसून झालेला मुलगा कन्नड वाक्यात तो विनोद कुठे लपला आहे हे शोधायला लागतो. ज्याला शाळेचं कन्नड डोंगर वाटतं, त्याला चित्राच्या आधाराने चार वाक्यं सुटतात. शेजारचा कन्नड घरातला मित्र मदतीला बसला तर आणखी बरं.

ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांचा मोह मलाही होतो, पण ते आधी देऊ नका. त्यांत मजकूर जास्त आहे आणि काळ जुना आहे. त्यांची पाळी पुढे येते.

पुस्तकं मिळण्याच्या जागा: बेळगाव शहरातली मराठी पुस्तकांची दुकानं आणि वाचनालयं आहेतच. पण खेड्यांतल्या लोकांनी साहित्य संमेलनांकडे लक्ष द्यावं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. मुलाला बरोबर न्या, हातात थोडे पैसे द्या आणि तुम्ही मंडपात भाषण ऐकायला बसा. त्याने काय आणलं ते बघून नाक मुरडू नका. दिवाळी अंकांचं मात्र आपल्याकडे त्रांगडं होतं. कर्नाटकात शाळेची मोठी सुट्टी दसऱ्याला पडते, आणि बालदिवाळी अंक हाती येईपर्यंत शाळा पुन्हा सुरू झालेली असते. मी ते अंक घेऊन जपून ठेवते आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत बाहेर काढते. गोष्ट शिळी होत नाही.

चौथी पायरी: पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा, आणि आपल्या बोलीत

पुस्तक नुसतं हातात देऊ नका. पहिली दहा मिनिटं तुमची. शेजारी बसा, म्हणजे चित्र दोघांना दिसेल. निवेदन छापलंय तसं वाचा, पण पात्रांचं बोलणं घरच्या मराठीत करा. पुस्तकातली आई म्हणते, "तू काय करतो आहेस?" तुम्ही वाचा, "काय करूलास रे खुळ्या?" पोरगा हसणारच, कारण पुस्तकातली बाई अचानक त्याच्या आत्यासारखी बोलली.

काही शिक्षकांना हे पटत नाही. भाषा बिघडेल म्हणतात. मला ते मान्य नाही. आपल्या मुलांनी छापलेल्या मराठीत स्वतःचं बोलणं क्वचितच पाहिलेलं असतं, म्हणून पुस्तक त्यांना परक्या घरासारखं वाटतं, पाहुण्यासारखं अंग चोरून बसावं लागणारं. बोलीने दार उघडलं की ते आत येतात आणि आतली प्रमाण मराठी पुढे आपोआप उचलतात. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वती देवी कॉलेजात शिकवत होते, आणि त्यांच्या गाजलेल्या व्यक्तिचित्रातले 'रावसाहेब' बेळगावचेच. त्या रावसाहेबांच्या तोंडची बेळगावी बोली ऐकून साऱ्या महाराष्ट्राने पोट धरून हसून घेतलं. जी बोली एवढ्या मोठ्या लेखकाला मोलाची वाटली, ती आपण पोरांसमोर का लपवावी?

पान उलटायच्या जागी थांबा. "आणि मी दार उघडलं..." म्हणा आणि गप्प बसा. पान त्याला उलटू द्या. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी चहा टाकायला उठून जा आणि पुस्तक उघडंच ठेवा. मी हे अनेक घरांना करायला सांगितलं आहे. मुलगा पुस्तक मिटत नाही.

पाचवी पायरी: मग बाजूला व्हा

ही पायरी सगळ्यांत अवघड, कारण इथे काही करायचं नसतं. "काय कळलं?" विचारू नका. "तात्पर्य काय?" तर अजिबात नको. विनोद समजावून सांगायला लावला की तो तिथेच संपतो, आणि मुलाला कळतं की हासुद्धा एक अभ्यासच होता. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचतो आहे म्हणून हिसकावून घेऊ नका. पाचव्या वेळी तो चित्रातल्या कोपऱ्यातली मांजर बघत असतो, जी पहिल्या चार वेळा त्याला दिसलीच नव्हती. तो मधूनच वाचतो, शेवट आधी बघतो, फक्त चित्रं बघतो? बघू दे.

शी-शू, ढेकर, चड्डी यांचे विनोद येणारच. या वयाच्या मुलांना शरीराची लाज नुकतीच कळायला लागलेली असते आणि हसून ते त्या लाजेशी जुळवून घेतात. त्याने बिघडत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी थांबते. काही पुस्तकांत हसू कुणाच्या तरी जाडेपणावर, काळ्या रंगावर, तोतरेपणावर, गरिबीवर किंवा भाषेच्या उच्चारावर फुटतं. आपल्या भागात हा शेवटचा प्रकार जास्त बोचतो. मराठी मुलाचं कन्नड, कन्नड मुलाचं मराठी, खानापूरच्या रानातल्या वाडीवरून शहरात आलेल्या मुलाचा हेल. माझ्या पडवीत एकदा असं पुस्तक आलं होतं, त्यातल्या तोतऱ्या मुलाची नक्कल करत चार पोरं हसत होती आणि पाचवा मुलगा, जो स्वतः अडखळत बोलतो, पायरीवर जाऊन बसला. तो पुढचे दोन महिने आला नाही. मी त्याच्या घरी गेले, त्याच्या आईशी बोलले, आणि ते पुस्तक ट्रंकेतून काढून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक पुस्तक मी आधी स्वतः वाचते आणि एकच प्रश्न विचारते: इथे फजिती होते ती कुणी केलेल्या गोष्टीमुळे, की तो जसा जन्मला त्यामुळे? पहिलं असेल तर पुस्तक ट्रंकेत जातं.

मुलाने असं पुस्तक दुसरीकडून आणलं तर ओरडू नका. शेजारी बसून वाचा आणि त्या पानावर हसू नका. तुम्ही हसला नाहीत हे त्याच्या लक्षात येतं. तो विचारेल तेव्हा सांगा.

सहावी पायरी: चार पोरं जमवा

मुलगा एकटा वाचक म्हणून फार दिवस टिकत नाही. जे पुस्तक मैदानावर बोललं जातं, तेच तो वाचतो. म्हणून एकाच पुस्तकाच्या निदान दोन प्रती ठेवा, आणि पहिली प्रत गल्लीतल्या त्या पोराला द्या ज्याचं सगळे ऐकतात. तो बहुधा क्रिकेटचा कप्तान असतो, नाहीतर तालमीत जाणारा. त्याने एकदा मैदानात त्यातला एखादा संवाद म्हणून दाखवला की तुमचं काम झालं.

नोंदीची वही पोरांच्याच हाती द्या. वहीत पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, तारीख आणि एक रकाना: किती वेळा हसलो. एवढंच. मुलींना या गटातून बाहेर ठेवू नका. त्या ही पुस्तकं तितक्याच आवडीने वाचतात. मुलग्यांपुढे बेत मांडायचा म्हणून मुलींच्या हातून पुस्तक काढून घेणं हा अन्याय आहे.

सातवी पायरी: त्यांना स्वतः करू द्या

दोन-तीन पुस्तकं वाचून झाली की मुलगा म्हणतो, "असं तर मीपण काढीन की." त्या क्षणाला कागद तयार हवा.

ए-चार आकाराचा एक कोरा कागद आडवा धरा. डावी कड उजव्या कडेवर आणून दुमडा, तशीच पुन्हा एकदा दुमडा आणि उघडा. मग वरची कड खालच्या कडेवर आणून दुमडा आणि उघडा. आठ घरं दिसतील, चार-चारच्या दोन रांगा. आता डावी कड उजव्या कडेवर एकदाच दुमडा आणि घडीच्या बाजूकडून मधल्या आडव्या रेषेवर एका घराच्या रुंदीइतकं कापा. उघडलं की कागदाच्या मधोमध दोन घरांएवढी फट दिसते. वरची कड पुन्हा खाली आणा म्हणजे लांबट पट्टी होईल, आणि पट्टीची दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. फट उघडते, ती मिटवून पानं एकावर एक दुमडा. डिंक नको, टाचणी नको, आठ पानांचं पुस्तक तयार.

पहिलं पान मुखपृष्ठ, आठवं मलपृष्ठ, मध्ये सहा पानं गोष्टीला. प्रत्येक पानावर एकच वाक्य आणि एकच चित्र. नियम एक: वाक्याने बढाई मारायची आणि चित्राने खरं सांगायचं. घोटाळा चौथ्या किंवा सहाव्या पानावर ठेवायला सांगा, कारण ती पानं उलटल्याशिवाय दिसत नाहीत. विषय आपल्या आजूबाजूचे घ्यावेत. कपिलेश्वराच्या जत्रेत हरवलेली चप्पल, लोंढ्याच्या गाडीत झोपून पुढे गेलेला मामा, पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा आणि रिकामा डबा. कुंद्याच्या गोष्टी माझ्याकडे सहा झाल्या आहेत, आणि प्रत्येकीतला चोर वेगळा आहे.

"मला चित्र येत नाही" हे पहिलं वाक्य असतंच. त्यावर मी स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ टॉप्फर या शिक्षकाची गोष्ट सांगते. डोळ्यांच्या विकारामुळे त्याला चित्रकार होता आलं नाही. त्याने जिनिव्हात मुलांसाठी शाळा चालवली आणि विद्यार्थ्यांना हसवायला साध्या, वाकड्यातिकड्या रेघांनी चित्रकथा काढल्या. १८३० च्या दशकात त्या छापल्या गेल्या, आणि आज चित्रकथांचा इतिहास त्याच्यापासून सांगायला सुरुवात करतात. काडीचा माणूस पुरतो, फक्त त्याच्या भुवया नीट काढायच्या. राग, भीती, लबाडी सगळं भुवयांच्या दोन रेघांत येतं. ज्या मुलाचा हात खरोखर चांगला आहे, त्याला सांगा की रवी परांजपे यांच्यासारखे मोठे चित्रकार बेळगावात जन्मले आणि इथेच के. बी. कुलकर्णी यांच्याकडे शिकले.

लिहिलेल्यातलं शुद्धलेखन पहिल्या पुस्तकात तपासू नका. दुसऱ्यात त्याने विचारलं तरच सांगा. तिसऱ्यात तो विचारतोच, कारण आता ते दुसरे वाचणार असतात.

आठवी पायरी: जाड पुस्तकाकडे

साधारण वर्षभराने, घाई न करता. आता गोट्या आणि फास्टर फेणे बाहेर काढा. बनेश फेणेचं "ट्टॉक" एकदा तोंडाने करून दाखवा, बाकी तो बघून घेईल. हसऱ्या पुस्तकांत त्याला नायकाच्या बोलण्यामागचं खरं शोधायची सवय लागलेली असते. आता चित्र नाही, तर ते तो डोक्यात काढतो. काही मुलगे इथवर येत नाहीत, चित्रांच्या पुस्तकातच रमतात. त्यांना रमू द्या.

"खोटं बोलूलाय" म्हणणारा तो मुलगा आता आठवीत आहे. त्याने सातवीत केलेलं आठ पानांचं पुस्तक माझ्या ट्रंकेत आहे, क्रमांक १४२. वाक्य आहे, "मी आज्जीचा चष्मा अजिबात फोडला नाही." वहीत त्याच्यापुढे एकोणीस नावं आहेत. शेवटचं नाव पायरीवर जाऊन बसलेल्या त्या मुलाचं आहे, आणि "किती वेळा हसलो" या रकान्यात त्याने लिहिलंय: चार.